यष्टीच्या सिनेमाचा शेवट

हणमंत,

सिनेमा सुटल्यावर कालव्याचा पूल येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा नियम तुझा. बारामतीत पिक्चर बघायचा, तुझ्या गाडीवर मागं बसायचं आणि पिंपळीच्या अलीकडचा पूल येईस्तोवर दोघांनीही गप्प राहायचं. "आदी आत जिरू दे," म्हणायचास. पुलावर गाडी लावायचीस, कठड्यावर बसायचास, टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचास आणि मगच म्हणायचास, "हां, बोला आता गुरुजी." इंदापूरच्या शाळेत मी आयुष्यभर पोरांना गप्प बसवत आलो, पण मला गप्प बसवणारा तू एकटाच निघालास. तू गेल्याला आज सोळा दिवस झाले. एवढे दिवस मी कोणाशी तुझ्याविषयी बोललो नाही. काल पुलावर जाऊन आलो, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

दहाव्याला लोकांनी तुझ्याबद्दल चांगलंच सांगितलं. जळालेल्या पंपाच्या मोटारी भरून देणारा असा कारागीर पंचक्रोशीत नाही, ऐन उन्हाळ्यात कोणाची मोटार अडवून ठेवली नाही, रविवारीसुद्धा दुकान उघडून दिलं. सगळं खरं. मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी उठलो, तोंड उघडलं आणि बसलो. खरं तर मला सांगायचं होतं की मंडळी, बारामती ते इंदापूर या पट्ट्यात सिनेमाची इतकी जाण असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. पण दहाव्याच्या घाटावर हे कसं सांगणार? तू असतास तर तूच म्हणाला असतास, "पक्या, खाली बस, लोकं उन्हात हायती."

तुझे कान ही काय चीज होती, ते मलाच माहीत. त्या एका नव्या पिक्चरमध्ये हिरो विहिरीवर मोटार चालू करतो, सगळं थिएटर त्याच्या दुःखात बुडालेलं, आणि तू खुर्चीत चुळबुळ करतोयस. पुलावर आल्या आल्या म्हणालास, "मोटार दावली तीन एचपीची आन् आवाज पाचाचा. रडायचं तरी कसं मानसानं?" मी हसून हसून बेजार झालो. तू मात्र गंभीर होतास. जो माणूस मोटारीचा आवाज खोटा देतो तो बाईचं रडणं तरी खरं कशावरून देईल, असं तुझं म्हणणं होतं. ते मी पुढं वर्गात माझं म्हणून सांगितलं. आता कबूल करतो.

आपलं भांडण मात्र कायमचं. मी जुन्याचा, तू नव्याचा. माझं म्हणणं, सिनेमा होता तो आपल्या लहानपणी. माणसं सावकाश बोलायची, गाण्यात शब्द कळायचे. तुझं म्हणणं, "जुन्यात समदी रडत्यात चांगली, पन काम कोन करतंय? हातं बघ त्यांची. एकाच्या बी हाताला घट्टा न्हाय." नव्या पोरांनी केलेले सिनेमे तुला आवडायचे. मल्टिप्लेक्सच्या मागं पडणाऱ्या खुर्चीतसुद्धा तू पाय खाली सोडून ताठ बसायचास. पण नव्यांनाही तू सोडलं नाहीस. हल्ली प्रत्येक पिक्चर गाव वरून दाखवतो, त्यावर तू म्हणालास, "ड्रोननं गाव दावत्यात आन् गावात जातच न्हाईत." याच्यापुढं समीक्षकांनी काय लिहायचं?

आणि ते ऊसतोड्यांवरचं पिक्चर. मी पहिल्याच दिवशी बघून आलो, भारावलो, तुला फोन केला. तू सरळ सोमेश्वरनगरला गेलास, तिथल्या ऊसतोड्यांच्या कोपींतल्या, पाचटाच्या झोपड्यांतल्या, पाचसहा बायामाणसांना जीपमध्ये घातलंस आणि बारामतीला घेऊन आलास. "ज्यांचं पिक्चर हाय त्यांला इचारू की," म्हणालास. मला ते थोडं नाटकीच वाटलं होतं. सुटल्यावर पुलावर जीप थांबवून तू सगळ्यांना मत विचारलंस, अगदी टोपी गुडघ्यावर ठेवून. पुरुष नुसतेच "चांगलं हाय, चांगलं हाय" करत होते. एक म्हातारी बाई मात्र म्हणाली, "आमी येवढं हळू चालत न्हाय बाबा. येवढं हळू चाललं तर मोळी कवा बांधायची?" तू माझ्याकडं बघितलंस. मी ज्याला संथ लयीचं सौंदर्य म्हणालो होतो, ते तिथंच कालव्यात पडलं. त्या दिवशी तुझा फार हेवा वाटला. मत विचारायचं कोणाला, हे तुला कळत होतं.

आपण सिनेमांना त्यांच्या नावानं कधी ओळखलंच नाही. सायकल चोरीला गेली त्या दिवशी बघितलेला तो सायकलचा सिनेमा, पडद्यावर पाल फिरली तो पालीचा सिनेमा. घरच्यांना काही कळायचं नाही आणि आपल्याला त्याचाच आनंद. या सगळ्यात एक नाव आपण दोघंही जरा जपून घ्यायचो. यष्टीचा सिनेमा.

तेव्हा आपण बारा वर्षांचे असू. आपल्या शेळगावच्या जत्रेत सिनेमाचा तंबू लागला होता. खाली मातीत बसायचं, तिथं तुमची आळी आणि आमची बौद्ध वस्ती असा काही हिशेब नसायचा, ज्याला जागा मिळेल तिथं तो. आपण पार पडद्याखाली बसलो होतो. पिक्चरमधला बाप कामासाठी शहरात गेलेला. त्याचं पोरगं रोज संध्याकाळी गावाबाहेर लिंबाखाली यष्टीची वाट बघत उभं. यष्टी यायची, माणसं उतरायची, बाप नसायचा. माझा बाप, कालव्याचं पाणी शेतांना सोडणारा पाटकरी, तेव्हा तीन आठवडे पुण्याच्या दवाखान्यात होता. आई म्हणायची, येतील बुधवारी. बुधवार गेले दोन. त्यामुळे त्या पोराचा बाप यावा म्हणून मी मातीत बोटं रुतवून बसलो होतो. पिक्चर संपत आलं होतं, पोरगं शेवटच्या गाडीला उभं होतं, तेवढ्यात आवाज बारीक झाला आणि कर्ण्यावरून पुकारलं: "पाटकऱ्याचा प्रकाश आसंल तितनं भाईर यावं. चुलतं वाट बघत्यात."

मी अनवाणीच उठलो. चुलत्यांनी माझा हात धरला. गावातून वस्तीपर्यंत चालत आलो. मागं तू होतास, माझ्या चपला हातात घेऊन. अंगणात रडारड ऐकली तेव्हा मला कळलं. तू रात्रभर आमच्या पायरीवर बसून होतास, कोणी जा म्हटलं तरी हलला नाहीस, असं आई मरेपर्यंत सांगायची. तंबू दुसऱ्या दिवशी उठला आणि पुढच्या गावाला गेला.

तिसऱ्या दिवशी, सगळे पाहुणे पांगल्यावर, आपण दोघं विहिरीवरच्या मोटेच्या पडक्या थारोळ्यावर बसलो होतो. मी तुला एकच विचारलं, "आला का रं बाप?"

तू जरा थांबलास. मग म्हणालास, "आला की. शेवटच्या यष्टीनं आला."

"मग?"

"मंग काय. उतरला. एका हातात टरंक, दुसऱ्या हातात पिवळ्या कागदात गोडीशेव. पोरगं पळालंच न्हाय. हुबंच ऱ्हायलं. मंग बाप जवळ आला आन् म्हनला, 'कवापस्नं उभायंस?' आन् संपलं."

त्या रात्री, बाप गेल्यावर पहिल्यांदा, मी झोपलो.

पुढं ते वाक्य आपलंच होऊन गेलं. बारामतीच्या स्टँडवर मी इंदापूरच्या गाडीतून उतरून तुझी वाट बघायचो आणि तू मागून येऊन म्हणायचास, "कवापस्नं उभायंस?" माझ्या लग्नात मांडवाच्या दारात म्हणालास. माझ्या बायपासच्या वेळी मला बाहेर आणलं, शुद्ध आली, तर तू खाटेशेजारी उभा आणि मीच तुला विचारलं, कवापस्नं उभायंस? तू तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत राहिलास. नर्सला वाटलं पेशंट बरळतोय.

आणि मी मूर्ख. मी ते वाक्य जगभर सांगत सुटलो. वर्गात सांगितलं, लेखात लिहिलं. एकदा कॉलेजच्या पोरांसमोर सिनेमावर बोलायला मला बोलावलं होतं, तेव्हा तुला आग्रहानं घेऊन गेलो, तिसऱ्या रांगेत बसवलं. मी म्हणालो, "बापाचं सगळं प्रेम, सगळी शरम आणि पोराची सगळी तपश्चर्या दोन शब्दांत आणणारा हा संवादलेखक थोर माणूस असला पाहिजे." पोरांनी टाळ्या वाजवल्या. तू मान खाली घालून कान खाजवत होतास. मला वाटलं, तुला कंटाळा आला. परतताना सिनेमा बघितलेला नसतानाही तू पुलापर्यंत बोलला नाहीस. पुलावर गाडी थांबवलीस आणि म्हणालास, "पक्या, डायलॉग बरा हाय. पन येवढा बी न्हाय." मी भडकलो. म्हणालो, तुला मोटारीतलं कळतं, संवादातलं काय कळतं? तू नुसता हसलास. ते हसणं आता आठवलं की मला जमिनीत जावंसं वाटतं.

दोन वर्षांपूर्वी मला तो सिनेमा मोबाइलवर सापडला. कोणीतरी जुन्या प्रिंटवरून टाकला होता. मी नाचतच तुला फोन केला. तू म्हणालास, "वाईट प्रिंट आसंल, डोळं दुखतील." मग तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मग म्हणालास, तंबूत बघितलेलं पिक्चर बारक्या पडद्यावर बघायचं नसतं. दर वेळी नवं कारण. पालीचा सिनेमा तीनदा बघणारा माणूस हाच तेवढा का टाळतोय, हे मला कळेना. मी एकट्यानं बघावा, तर तोही विश्वासघात वाटायचा. शेवट माहीत होताच, तो तुझ्या शेजारी बसून बघायचा होता.

शेवटी मी तुझ्या घरी पिंपळीला येऊन धडकलो. तुझ्या लेकीनं, अश्विनीनं, मोबाइल टीव्हीला जोडून दिला. नावं सुरू झाली आणि तू उठून वायरच उपटलीस. "न्हाय बघायचा म्हनजे न्हाय."

मीही पेटलो. म्हणालो, "तुला जुन्याची किंमत नाही हणमंत. त्या मऊ खुर्च्यांनी तुझी चव गेली. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सिनेमा आहे तो, आणि तुला दोन तास काढवत नाहीत."

तू एरवी मला गमतीत अहोजाहो करायचास, रागावलास की मनापासून. "गुरुजी, तुमाला शेवट ठावं हाय न्हवं? मंग आजून काय पायजे तुमाला?"

मी चप्पल घातली आणि निघालो. वहिनींनी चहा टाकला होता, तोही घेतला नाही. नंतर बारा दिवस तुझा फोन नाही, माझा नाही. एक शुक्रवार तसाच गेला. मला वाटलं, येईल झक मारत पुढच्या शुक्रवारी, नवं पिक्चर लागलं की. तो शुक्रवार यायच्या आधीच एका सकाळी दुकानात मोटार उघडून बसला होतास, आणि तिथंच मान टाकलीस. अश्विनीचा फोन आला तेव्हा मी पेपरात शुक्रवारची जाहिरात बघत होतो.

माझं शेवटचं बोलणं तुझ्याशी ते असं. चव गेली म्हणालो तुला. हे मला आयुष्यभर पुरणार आहे.

काल मी पिंपळीला गेलो. तेरावा झाला, घर रिकामं झालंय. शैलावहिनी चहा घेऊन आल्या, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, त्या दिवशी तुमी गेल्यावर ह्यांनी जेवान केलं न्हाय. म्हनले, पक्या आता तो पिक्चर बघनारच. बघितला तर एकट्यानं बघू देऊ नगं. मी नसलो तर तू बस त्याच्यासंगं."

"असं का म्हणाला?"

"ते मला न्हाय सांगितलं. बघूया म्हनजे कळंल."

अश्विनीनं पुन्हा वायर जोडली. आम्ही तिघं बसलो. दुपारचे तीन वाजले असतील. प्रिंट खरंच वाईट होती, त्यात तू खोटा नव्हतास. पण यष्टीचा आवाज, हणमंत, अस्सल होता. चढाला गिअर पडतानाचा तो घरघराट ऐकून तू मान डोलावली असतीस. पोरगं लिंबाखाली उभं. गाड्या येतायत, जातायत. जिथं मला पुकारलं होतं, ती जागा आली आणि मला कर्णा ऐकू आला. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, चालू द्या.

शेवटची यष्टी आली. दार उघडलं. कोणी उतरलं नाही. कंडक्टरनं पोराकडं बघून मान हलवली. गाडी गेली. पोरगं थोडा वेळ उभं राहिलं, मग खाली ठेवलेली शाळेची पाटी उचलली आणि घराकडं चालायला लागलं. ना ट्रंक, ना गोडीशेव. एक शब्दही नाही. संपलं.

वहिनी म्हणाल्या, "आन् तो डायलॉग? कवापस्नं उभायंस, तो?"

गोडीशेव माझा बाप आणायचा, हणमंत. बारामतीच्या बाजारातून, पिवळ्या कागदात. तुलाही त्यातली मूठभर मिळायची. सिनेमातल्या बापाच्या हातात ती कुठून आली, हे मला पन्नासएक वर्षांत एकदाही सुचलं नाही. पहिल्यांदा वाटलं, पोरगं रिकाम्या हातानं परत जाताना तू बघितलंस आणि माझ्यासाठी खोटं बोललास. मग चपला आठवल्या. माझ्या चपला तुझ्या हातात होत्या. तू माझ्या मागोमाग तंबूतून बाहेर आला होतास. रात्रभर पायरीवर होतास. तंबू सकाळी उठला. म्हणजे शेवट तूही बघितला नव्हतास.

बाप आला की नाही, हे तुलाही माहीत नव्हतं. बारा वर्षांचं पोरगं तू, थारोळ्यावर बसून, मी विचारल्यावर जेवढा वेळ थांबलास तेवढ्यात तू तो बाप गाडीतून उतरवलास. आणि मग जन्मभर भीत राहिलास, की खरा सिनेमा कधीतरी समोर येईल आणि तो बाप परत घेऊन जाईल. म्हणून मोतीबिंदू, म्हणून वाईट प्रिंट, म्हणून वायर. सगळ्या सिनेमांना खोटा आवाज दिल्याबद्दल शिव्या घालणारा माणूस एक खोटं एवढं जपून ठेवतो, आणि मी त्याला म्हणतो, तुझी चव गेली.

मी हे सगळं वहिनींना सांगितलं. त्या पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. म्हणाल्या, "मला वाटायचंच. तुमच्या लग्नात मांडवात तुमास्नी तसं म्हनले आन् माझ्याकडं वळून हळूच सांगितलं, ह्यो डायलॉग माझा हाय. मला वाटलं, माझ्या नवऱ्याला येड लागलंय."

निघताना गाडी इंदापूरच्या रस्त्याला न घालता उलट वळवली. पुलापर्यंत तोंड उघडायचं नव्हतं. गाडी लावली, कठड्यावर बसलो. टोपी मी घालत नाही, म्हणून चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. कालव्याला पाणी होतं. मग मत दिलं, मोठ्यानं, तू द्यायचास तसं. दिग्दर्शन चांगलं आहे. आवाज खरा आहे. पोरानं काम झकास केलंय. शेवटही त्याच्या जागी बरोबर आहे, बाप येत नसतात. पण तुझा शेवट त्याहून चांगला होता हणमंत. तो मला लागत होता आणि तू तो दिलास. संवादलेखक थोर माणूस होता, हे माझं मत मी मागे घेत नाही. ते मी तुझ्यासमोर बोललो होतो एवढाच आता आनंद आहे.

त्यानंतर उठलो आणि तिथंच उभा राहिलो. उसाचे ट्रॅक्टर गेले, शाळा सुटलेली पोरं सायकलीवरून गेली. ऊन उतरलं तरी पाय निघेना. किती वेळ गेला, कोणास ठाऊक. मी कधीपासून उभा आहे, हे विचारणारा माणूस तू होतास.